सीटखालचा आवाज

ओम्नीत इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली असतं.
त्यामुळे तिचं काही बिनसलं
की ते कानांआधी मांड्यांना कळतं.

हे मात्र कानांनाच कळलं.
घाटल्याच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलवर आणली
आणि खालून कुणीतरी दात आवळून म्हणालं, सुस्स.
गिअर टाकला, रेस दिली: गप्प.
पुढच्या सिग्नलला पुन्हा.

पंधरा दिवस मी रेडिओ मोठा केला.
खोटं कशाला सांगू,
विम्याचा हप्ता तोंडावर होता
आणि रेडिओला पैसे पडत नाहीत.

पण सात पोरांपासून काय लपतं?
मन्नत म्हणाली, साप आहे.
तनिष म्हणाला, साप नाही, कुकर,
शिट्टी व्हायच्या आधीचा.
बिल्व काहीच बोलला नाही,
पुढचे दोन दात पडल्यापासून तो शाळेपर्यंत तोंड मिटून बसतो.
शाळेचा वॉचमन म्हणाला, टायर बघा.
जाऊबाई म्हणाल्या, विकून टाक,
भाऊजींच्या मागे कशाला ओढतेस हे खटारं.

शनिवारी पास्कू तुस्कानोकडे नेली.
माणूस वसईचा, गॅरेज माहुल रोडला,
रिफायनरीच्या भिंतीला पाठ लावून.
त्यानं सीट उचलली, झाकणाच्या क्लिपा काढल्या,
म्हणाला, चालू ठेवा, रेस देऊ नका.
रेडिएटरची टोपी पाहिली, कोरडी.
सायलेन्सरच्या जोडाशी हात नेला, मागे घेतला.
हे नाय, ते नाय, करत अर्धा तास गेला.
मग चहा मागवला.

चहानंतर बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा काढला.
एक टोक कानात,
दुसरं इंजिनावरून फिरवत राहिला, डोळे मिटून.
शेजारच्या कटरवाल्याला हात वर करून थांबवलं.
टँकर थांबवता येत नव्हता, तो जाऊ दिला.
कार्बोरेटरच्या अंगाला पाइप थबकला.

करंगळीपेक्षा बारीक एक रबरी नळी.
त्यानं बोट ओलं करून तिच्यावर ठेवलं.
सुस्स बंद.
काढलं.
सुस्स.
म्हणाला, तुम्ही ठेवून बघा.

ठेवलं, तर तिनं माझं बोट ओढलं,
तान्हं मूल चोखतं तेवढ्याच जोरात.

काय गळतंय, मी विचारलं.
गळत काय नाय, पास्कू म्हणाला, आत येतंय.
इंजिनला हवा मोजून लागते.
ह्या चिरीतून न मोजलेली जाते.
पळताना कळत नाय,
उभी राहिली की दम लागतो.

मग त्यानं नळी उपसून हातात घेतली, थांबला.
ही टेप कोणी मारली?

चिरीच्या दोन्ही बाजूंना काळी टेप,
एकावर एक, नीट ताणून,
टोक आत दुमडलेलं, उसवू नये म्हणून.
टोक असं दुमडायची सवय
आमच्या घरात एकाच माणसाला होती.
राखीच्या पार्सललाही, माझ्या तुटल्या चष्म्यालाही.

म्हणजे त्यांनीही ऐकला होता.
वर्षापूर्वी, दोन वर्षांपूर्वी,
ह्याच सीटवर, बहुधा ह्याच सिग्नलला.
आणि घरी येऊन जेवले,
पापड आणखी एक मागितला,
बोलले काहीच नाहीत.
रेडिओ बिघडलाय, एवढा मोठा का लागतो,
असं मी एकदा विचारलं होतं.

नव्या नळीचे साठ, मजुरीचे दीडशे.
जुनी मी मागून घेतली.
पास्कूनं कागदात बांधून दिली, विचारलं नाही.

सोमवारी घाटल्याच्या सिग्नलला
न्यूट्रल केलं, रेडिओ बंद केला.
काही नाही. नुसतं इंजिन,
सरळ, एकसुरी, आपल्या कामात.
पोरंही ऐकत होती.

तेवढ्यात अगदी मागून
दोन पडलेल्या दातांच्या फटीतून
बिल्वनं हळूच केलं,
सुस्स.

हसण्यात हिरवा कधी झाला कळलं नाही.
मागची रिक्षा बोंबलत होती.